गाळलेले चार सूर

तृप्ती आरवाडेला भित्री म्हणायचा हक्क जगात एकाच माणसाला होता, आणि तिचा धाकटा भाऊ सन्मती तो हक्क लहानपणापासून मनसोक्त बजावत आला होता. पालीला भिणारी, लिफ्टला भिणारी, कृष्णेला पूर आला की पुलावरून जाताना डोळे झाकून घेणारी ही तायडी मोठेपणी लोकांना घाबरवून पोट भरते, हा त्याच्या लेखी कधीच शिळा न होणारा विनोद होता. लग्नकार्यात कुणी नवीन भेटलं की तो तिला दंडाला धरून पुढे ओढायचा आणि सांगायचा, "ही आमची ताई. भुतांची बँडमास्तर."

तिचं काम तसं होतंही. जुन्या भुताटकीच्या व्हिडिओ गेममध्ये जे संगीत असायचं, टीव्हीच्या टीचभर स्पीकरमधून दोन-तीन पिपाण्या वाजल्यासारखं येणारं, ते ऐंशी वादकांच्या वाद्यवृंदासाठी नव्यानं लिहायचं. सांगलीत ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गणपतीतला स्टेज आणि चमचमत्या कोटातला गायक येतो, त्यामुळे आपण नेमकं काय करतो हे शेजाऱ्यांना समजावून सांगण्याचा नाद तिनं केव्हाच सोडला होता. ती विश्रामबागेतल्या घरी बसून प्रत्येक वाद्याचा कागद लिहायची. वादक बसायचे बुडापेस्टला. नेटवरून ती त्यांना ऐकायची आणि मोडक्या इंग्रजीत सांगायची की चेलोवाल्यांनी आणखी एकदा घ्या, गज जरा दाबून. मग सगळे तुकडे हाताशी आले की मिक्सिंग, म्हणजे कुठलं वाद्य कानाच्या किती जवळ आणि किती लांब, याचा महिनोन्महिने चालणारा छळ.

या वेळचा गेम मात्र परका नव्हता. तो 'भुयार' होता.

त्याचं खरं नाव तिला मोठी झाल्यावर कळलं. खणभागातल्या त्यांच्या घरी जी पिवळी कॅसेट होती, तिच्यावर कुणालाच वाचता न येणारी लिपी होती, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्याचं बारसं परस्पर उरकलं होतं. एक पोरगा कंदील घेऊन भुयारातून चालतो. मागून पांढऱ्या तोंडाची एक बाई येते. ती दिसायच्या आधी ऐकू येते, कारण ती जवळ येईल तसा ढोल भरभर वाजायला लागतो. आणि ती अगदी समोर आली, पडद्यावर आली, की संगीत एकदम बंद होतं. त्या शांततेत धावत सुटून भिंतीतली दिवळी गाठायची. दिवळी गाठली की दिवा लागतो, चार सुरांची टिणटिण वाजते आणि बाई निघून जाते.

रिमोट कायम सन्मतीच्या हातात असायचा. तृप्ती त्याला खेटून, दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसलेली. टिणटिण ऐकू आली तरी ती हात काढायची नाही, कारण तेवढ्या चार सुरांवर भरवसा ठेवायची तिची तयारी नव्हती. सन्मती शेवटी कोपरानं ढोसायचा. "उघड, तायडे. गेली."

आता इतक्या वर्षांनी त्याच गेमचं तासभराचं वाद्यवृंदरूप ती पुण्याच्या एका कंपनीसाठी करत होती. कंपनीचं नाव 'स्पंद', आणि तिथला तिचा माणूस होता अनिमिष सबनीस, बोलायला गोड आणि कामाला वाघ. स्पंदनं कानात घालायची बोंडं काढली होती. ती फक्त वाजत नसत, ऐकतही असत. कानाच्या आतल्या कातडीवर एक बारीक हिरवा प्रकाश टाकून नाडी मोजायची. कातडीतून जाणवणार नाही इतकी वीज खेळवून घाम किती सुटला ते ताडायचं. कानशिलामागे मेंदूची जी अंधुक विद्युत चाहूल लागते, तीही टिपायची. म्हणजे ऐकणारा रंगलाय, कंटाळलाय की टरकलाय, हे बोंडाला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं. मग संगीत एकसंध द्यायचं कारणच उरत नाही. प्रत्येक वाद्यसमूहाचा थर वेगळा द्यायचा आणि मिक्सिंग ऐकणाऱ्याच्या कानात, त्याच्या काळजाच्या ठोक्यावर होऊ द्यायचं. संगीतकारानं फक्त नियम लिहायचे. तृप्तीनं लिहिलेला मुख्य नियम साधा होता. नाडी वाढली की ढोल आणि चेलो वर आणायचे, लय चढवायची.

"तृप्तीताई, शेवटचा भाग थरारक आहे हो," सबनीस पडद्यावरून म्हणाला होता. "फक्त मधेमधे ती टिणटिण येते ना, तिथं सगळी हवा जाते. आमच्या चाचणीतली मुलं तिथं बोंडं काढून ठेवतात."

तृप्तीलाही ते खटकतच होतं. चढत चाललेली वाद्यं, आणि मधेच चार गोंडस सूर. कागदावरसुद्धा ते डोळ्यांत खुपायचे. सेलेस्टावर, म्हणजे किणकिण घंटांसारख्या आवाजाच्या छोट्या पियानोवर, वाजवून घेतलेला तो तुकडा तिनं वेगळा काढला, पुन्हा एकदा ऐकला आणि बाजूला टाकला. ढोलामागून ढोल येत राहिले. मिक्स असं झालं की तिचीच मान ताठ झाली. त्या दिवशी तिनं स्वतःसाठी पुरणपोळ्या मागवल्या, इतकी ती खूश होती.

चाचणीतली मुलं कॉलेजातली होती. त्यांच्यातल्या एकानंही हा गेम कधी खेळलेला नव्हता. हे तिच्या ध्यानात आलं, पण नंतर.

पहिली प्रत तिनं बाहेर कुणालाही मिळायच्या आधी सन्मतीला पाठवली, नवी कोरी बोंडं सोबत. संध्याकाळी त्याचा निरोप आला, "तायडे, अंगावर काटा आला बघ. परत ऐकालोय." दुसऱ्या दिवशी तृप्ती तो निरोप लोकांना दाखवत सुटली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मनालीचा, सन्मतीच्या बायकोचा, फोन आला.

"ताई, मिरजेला या. ह्यांना अॅडमिट केलंय."

"काय झालं?"

"तुम्हीच या आणि तुम्हीच सांगा मला काय झालंय ते," मनाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

सन्मती पलंगावर पाठ भिंतीला टेकवून बसला होता. झोपायला तयार नव्हता, कारण झोपलं की दार दिसत नाही. धिप्पाड माणूस, गॅरेज चालवणारा, गल्लीतली भांडणं नुसत्या आवाजावर मिटवणारा, आणि आता त्याचे डोळे दाराच्या कडेवरून हलत नव्हते. कपाळावरून घाम ओघळत होता. डोक्याशी लावलेल्या यंत्रावर हिरवी रेघ धावत सुटलेली. तृप्तीला पाहून त्यानं ओळखीचं काही केलं नाही.

"सनू," ती म्हणाली. "अरे, मी आलेय."

"हळू बोल." त्याचा आवाज फुटत नव्हता. "ती हितंच हाय."

"कोण?"

त्यानं हनुवटीनं दाराकडे खूण केली. मनाली पलीकडून म्हणाली, "तुमचं गाणं ऐकत बसले ते. जेवताना कानात, गॅरेजात कानात. मी म्हटलं काढा आता. काढलं की तडफडायचे, पुन्हा घालायचे. कशाला घालताय म्हटलं, तर काय म्हणाले ठाऊक आहे? आवाज असला की निदान ती किती लांब आहे ते कळतं." मनालीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात राग होता. "काय घातलंय तुम्ही त्यात?"

तृप्तीनं त्यात घातलं काहीच नव्हतं. काढलं होतं.

हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुक्साना मुजावर बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तृप्तीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आधी तिचं सगळं ऐकून घेतलं, बोंडं, थर, नियम, टिणटिण, सगळं.

"भीती विसरता येत नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी एकदा मेंदूत बसली की बसली. आपण ती पुसत नाही, तिच्यावर झाकण ठेवतो. आता धोका टळला असं सांगणारी काहीतरी खूण असते, ती मिळाली की झाकण पडतं, नाडी उतरते. तुमच्या भावाच्या मेंदूत ही भीती आणि तिचं झाकण, दोन्ही त्या गेमनं हजार वेळा घोटून बसवलेत. तुम्ही भीती दिलीत ऐंशी वाद्यांची. झाकण दिलंच नाहीत."

"आणि बोंडांनी नाडी वाढली म्हणून आवाज वाढवला," तृप्ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आवाज वाढला म्हणून नाडी वाढली."

माइक स्पीकरच्या तोंडासमोर धरला की कर्कश शिट्टी का वाजते, हे ती दर पावसाळी शिबिरात पोरांना शिकवत असे. तीच शिट्टी तिनं सख्ख्या भावाच्या छातीत वाजवून ठेवली होती.

"पण आता तर बोंडं काढलीत ना?"

"काढली. मग काय राहिलं?"

शांतता राहिली. आणि भुयारात शांतता म्हणजे काय, हे तृप्तीइतकं कुणाला माहीत असणार?

"झोपेचं औषध देऊन ठेवता येणार नाही का?"

"दिलंय. उतरलं की तिथंच जागे होतात. आणि सारखं देता येत नाही." डॉक्टरांनी मूठ वळून दाखवली आणि खालची बाजू सैल सोडली. "इतकी भीती इतका वेळ राहिली की हृदयाचं टोक असं फुगायला लागतं. यांचं लागलंय. आज-उद्या नाडी खाली आली नाही, तर मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

तृप्तीनं तिथूनच सबनीसला फोन लावला. 'भुयार' दुसऱ्या दिवशी दुपारी सगळीकडे प्रसिद्ध व्हायचं होतं.

सबनीसनं सगळं शांतपणे ऐकलं. तोही हबकला होता, पण त्याच्या पाठीशी अख्खी कंपनी उभी होती. "एका माणसावरून कसं ठरवायचं, ताई? त्यांना आधीचा काही त्रास असेल. मी वर काय सांगू? रद्द करा म्हणताय का तुम्ही?"

बोलायची वेळ हीच होती. सहा वर्षांची मेहनत, बुडापेस्टची बिलं, पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत छापून येणारं स्वतःचं नाव, हे सगळं तृप्तीच्या डोळ्यांपुढून सरकलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही जे बोलायचं ते ती बोलली नाही.

"टिणटिण परत घालून देते," ती म्हणाली. "उद्या दुपारच्या आत देते."

"मग प्रश्नच मिटला," सबनीस सुटकेचा श्वास टाकत म्हणाला. "आली तर ती लावू. उशीर झाला तर आहे ती जाईल आणि मागून बदलू. नंतर बदलता येतं हो."

तिनं लॅपटॉप आणि छोटे स्पीकर घरून मागवले आणि सन्मतीच्या उशाशी ठाण मांडलं. गाळलेला सेलेस्टाचा तुकडा शोधला. बुडापेस्टच्या बाईनं किती नजाकतीनं वाजवला होता! तृप्तीनं तो खोलीत वाजवला. सन्मतीनं मान वळवली, क्षणभर ऐकलं आणि पुन्हा दाराकडे पाहायला लागला. हिरवी रेघ तशीच.

"तो काय देवळातली घंटा ऐकत मोठा झालाय का?" ती स्वतःवरच चिडली. त्याच्या कानाला सेलेस्टा ठाऊकच नव्हता. मग तिनं मूळ गेमचं ध्वनिमुद्रण काढलं, तीच पिपाणी, तोच चिरका आवाज. सन्मतीच्या भुवया जवळ आल्या. रेघ किंचित मंदावल्यासारखी झाली आणि पुन्हा धावली.

मनाली डबा घेऊन आली होती. ती बघत उभी राहिली. "काहीतरी झालं ना आता?"

"झालं. पण हे भरभर वाजतंय." तृप्ती बोटांनी मांडीवर ताल मोजत होती. मोजता मोजता तिचा हात थांबला. "अगं, हे परदेशातलं आहे! तिकडचे टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवायचे, आपले पन्नास. गेम चित्रांच्या हिशेबानं चालायचा. आपल्याकडं सगळं सावकाश चालायचं, ढोलसुद्धा, टिणटिणसुद्धा. आम्ही ऐकलं ते हे नाहीच."

तिनं लय उतरवली. टिण, टिण, टिण, टिण. पहिल्याच खेपेला तिच्या स्वतःच्या मानेवरचे केस उभे राहिले. खणभागातली ती खोली, टीव्हीवरचं क्रोशाचं कापड, आईच्या कुकरची शिट्टी, सगळं त्या चार सुरांतून आलं. सन्मतीचे खांदे खाली आले. यंत्रावरचा आकडा उतरायला लागला. मनालीनं पदर तोंडाला लावला.

आकडा उतरता उतरता अडला. सन्मती तृप्तीकडे पाहत होता, काहीतरी शोधल्यासारखा. ती लॅपटॉपवर वाकून रेघा बघत होती. मग त्याची नजर पुन्हा दाराकडे गेली आणि आकडा चढला.

रात्र औषधावर गेली. सकाळी डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि मनालीला बाजूला घेऊन काही सांगितलं. मनाली परत आली ती तृप्तीकडे पाठ करून, नुसती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर तृप्तीला बरं वाटलं असतं.

"काहीतरी राहतंय," सकाळभर पुन्हा पुन्हा वाजवून पाहिल्यावर तृप्ती डॉक्टरांना म्हणाली. "सूर तेच, आवाज तोच, लय तीच. तरी झाकण पूर्ण पडत नाही."

"मेंदू फक्त सूर नाही शिकत. त्या वेळी खोलीत जे जे होतं ते शिकतो. वास, उजेड, माणसं. काय होतं खोलीत?"

"मला आठवत नाही. मला दिसायचंच नाही काही. मी..." तिनं वाक्य सोडून दिलं. सन्मतीच्या मुठीतून काढून घेतलेली बोंडं ट्रेमध्ये पडली होती. "मीही होते तिथं. माझ्याही अंगात ते असणार. मी ऐकते. माझं अंग कशाची वाट बघतं ते तरी कळेल."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मला एकाच खोलीत दोन रुग्ण नकोत."

त्यांना पलीकडच्या वॉर्डातून बोलावणं आलं. त्या वळल्या तशी तृप्तीनं बोंडं कानात घातली. आपल्याला भीती वाटते आहे हे तिला नीट कळत होतं. लिफ्टची, पालीची वाटते तशी नव्हे. तरी तिनं टिणटिण घातलेली नवी प्रत लावली, तोच आवाज खोलीतल्या स्पीकरवरही सोडला आणि सन्मतीला खेटून पलंगावर बसली.

आजवर तिनं हे संगीत स्टुडिओत ऐकलं होतं, तुकड्या-तुकड्यानं, काट्यांवर नजर ठेवून. कानात, अंगाशी, सलग असं कधी नाही. सुरुवातीला ती कारागिराच्या कानानं ऐकत होती. ढोल जरा जाड झालाय, व्हायोला बुजलेत. मग ढोल तिच्या नाडीशी जुळला. तिनं ओळखलं की जुळलाय. ओळखून उपयोग झाला नाही. तिची छाती धडधडली तशी लय चढली, लय चढली तशी छाती. चेलो मानेमागून आले. ते तिनंच लिहिले होते, कुठल्या मात्रेला येणार हे तिला पाठ होतं, आणि तरी तिला मागे वळून बघायची हिंमत होईना. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. दाराच्या कडेला पांढरं काहीतरी होतं. नर्सचा कोट असेल. कोटच असणार. तो हलला.

संगीत थांबलं.

तिनंच तिथं थांबवलं होतं, शांततेची ती जागा तिनं जिवापाड जपली होती. त्या शांततेत तिला फक्त स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. मग टिण, टिण, टिण, टिण. बरोबर लय, बरोबर आवाज. आणि तरी ती सुटली नाही. चार सुरांवर तिचा भरवसा तेव्हाही नव्हता आणि आत्ताही नव्हता. तिचे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि तळवे डोळ्यांवर घट्ट बसले. ढोल पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जवळून. आता आपण इथून परत येणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. मनाली तिचे दंड धरून हलवत होती, पण तो स्पर्श कुठल्या तरी लांबच्या गावातला होता.

पुन्हा शांतता. पुन्हा चार सूर.

तिच्या बरगडीत कोपर बसलं.

"उघड, तायडे." आवाज घोगरा होता, कालपासून न वापरलेला. "उघड. गेली."

तृप्तीनं हात काढले. दारात नर्स उभी होती, हातात सलाइनची पिशवी. बाकी काही नव्हतं. तिनं कानातली बोंडं उपटून काढली आणि जोरात श्वास घेतला. शांतता होती, पण ती नुसती शांतता होती.

सन्मती तिच्याकडे बघत होता. दाराकडे नाही. त्याच्या ओठांवर ते जुनं, चिडवणारं, अर्धं हसू होतं. "भित्री," तो म्हणाला आणि मागे उशीवर कलंडला. यंत्रावरचा आकडा उतरत होता, अडत नव्हता. मनाली त्याच्या पायांवर डोकं ठेवून मोकळेपणानं रडली.

तृप्तीला तेव्हा उमगलं. दोन दिवस ती त्याच्या शेजारी डोळे उघडे ठेवून बसली होती. त्याची खूण चार सुरांत नव्हती. शेजारी डोळे झाकून बसलेल्या ताईला 'गेली' असं सांगायचं, म्हणजे ती खरंच गेली. तेवढं सांगायला मिळेपर्यंत त्याचं भुयार संपणार नव्हतं. आणि तिचं, तो सांगेपर्यंत. हे कुठल्या थरात घालायचं, कुठल्या वाद्यावर?

तिनं घड्याळ पाहिलं. नवी प्रत अजून तिच्या लॅपटॉपवरच होती आणि दुपार उलटली होती.

"सबनीस, थांबवा," ती फोनवर ओरडली. "रद्द करा. नवीन आवृत्ती वगैरे काही नाही. रद्द करा!"

"ताई, गेलं ते," सबनीस म्हणाला. नेहमीचा गोडवा आवाजात नव्हता. "वेळ झाली तसं आपोआप गेलं. मी आता बंद करायला लावलंय, नवीन कुणाला मिळणार नाही. पण ज्यांच्याकडं पोचलं..." तो अडखळला. "वरचे खूश आहेत. म्हणतात, असा प्रतिसाद कधी आला नव्हता. ताई, माझ्यासमोर आकडे आहेत. चाळिशीच्या पुढचे लोक. कुणी बोंडं काढतच नाहीये. आणि जे काढतायत ते लगेच परत घालतायत."

तृप्तीनं भिंतीला हात टेकवला. कुठं कुठं असतील ते? आपापल्या खोल्यांत, दाराकडे बघत बसलेले. आणि त्यांतल्या एकाचीही खूण दुसऱ्यासारखी नसणार.

डॉ. मुजावर कॉरिडॉरमधून जवळजवळ पळतच आल्या. त्यांनी आत डोकावून सन्मतीकडे, मग यंत्राकडे पाहिलं. "तुम्ही माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या.

पलीकडच्या वॉर्डात एक माणूस पलंगावर पाठ भिंतीला टेकवून बसला होता. तृप्तीच्याच वयाचा, अंगात बँकेचा फिकट निळा शर्ट, एक बोंड कानात आणि दुसरं मुठीत. त्याची बायको जेवणाचा डबा छातीशी धरून उभी होती. तो डबा कुठं ठेवायचा हेही तिला सुचत नव्हतं.

"हे लहानपणी एक गेम खेळायचे का?" तृप्तीनं विचारलं. "टीव्हीला जोडायचा. कंदीलवाला पोरगा, आणि पांढऱ्या तोंडाची बाई?"

"व्हय, सांगतात कधीकधी," ती म्हणाली. "लई खेळायचे म्हणं."

"कुणाबरोबर खेळायचे? आठवून सांगा, ताई. शेजारी कोण बसायचं? भाऊ, बहीण, मित्र? टिणटिण वाजली की काय करायचे, काय बोलायचे, काहीही सांगा."

बाईनं नवऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"कोण न्हवतंच की हो. सासू-सासरे दोघं मिलमध्ये कामाला. ह्यांना घरात ठेवून भायेरनं कडी घालून जायचे." तिनं डबा आणखी घट्ट धरला. "एकटेच खेळायचे."

त्या माणसाचे डोळे दाराच्या कडेवर खिळलेले होते. तृप्तीनं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी, जिथं कधीच कुणी बसलं नव्हतं तिथं, ती जाऊन बसली. काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. तिनं त्याचा घामेजलेला हात हातात घेतला, आणि तेवढ्यात बाहेर जिन्यावरून आणखी एक स्ट्रेचर येत असल्याचा आवाज आला.